पिवळ्या झाडाकडे बघा

आमच्या मिल्टन कीन्समध्ये ऑटम आधी राउंडअबाउटवर येतो. बाकी गाव अजून हिरवं असतं, शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात, आणि ऑफिसला जाताना कुठल्यातरी राउंडअबाउटच्या मधोमध एखादं झाड कुणाला न विचारता पिवळं होऊन उभं असतं. मी स्टिअरिंगमागूनच म्हणते, आलास का बाबा. मग आठवडाभरात रेडवेवर, म्हणजे सायकलींच्या आणि चालायच्या लाल वाटांवर, ओली पानं चिकटतात, सायकलवाले घसरतात, हेजमधल्या ब्लॅकबेरी मऊ होऊन गळायला लागतात, आणि कुठल्या बिनमध्ये पानं टाकायची यावर शेजाऱ्यांची चर्चा सुरू होते.

खरं सांगायचं तर हा ऋतू माझ्या आवडीचा नाही. मी नागपूरची. आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे पाऊस आटोपून पुन्हा ऊन चटकायचे दिवस, आणि इथे नेमका तेव्हाच कपाटातून कोट काढायचा. उलटाच कारभार. तरी पहिलं पिवळं झाड दिसलं की मला हसू येतं. मला जेनिस आठवते, तिचा तो दांडगा पक्षी आठवतो, आणि माझ्या आईने किचनमध्ये मिरच्या जाळून सगळा शेजार दारात आणला होता तेही आठवतं.

दोन हजारनंतरच्या दशकातली गोष्ट. माझी मुलगी सई तेव्हा प्रायमरीत होती. इथेच जन्मलेली, त्यामुळे तिच्या मराठीत टेबल कधी ती असायची आणि खुर्ची कधी तो. माझा नवरा मकरंद रोज गाडीने ब्रॅकनेलला जायचा आणि येताना एम-फोर हायवेला शिव्या घालत यायचा. त्या वर्षी मे महिन्यात माझी आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आली.

आई मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई होती. कडक म्हणजे किती, तिने "दक्ष" म्हटलं की मैदानातली कुत्रीसुद्धा उठून उभी राहतात असं तिच्या विद्यार्थिनी सांगत. तिचं आयुष्यभराचं एकच वाक्य, "नजर समोर." परेडला नजर समोर, स्टेजवर नजर समोर, मुलगा बघायला आला तरी नजर समोर. माझं लग्न ठरताना मी खाली मान घालून बसले होते, तर चहाचा ट्रे हातात देताना ती कानात म्हणाली, "काय चोरासारखी बसून राहिली? सरळ पाहा त्याच्याकडे." मी पाहिलं, आणि बिचारा मकरंदच खाली बघायला लागला.

आणि अशा बाईच्या डोळ्यांचा नेमका मधला भाग गेला. आंधळी नाही झाली. कडेकडेचं सगळं दिसायचं, भिंती, दारं, बाजूने गेलेली मांजर. जिथे बघायला जावं तिथेच तेवढं पुसलेलं. ती सांगायची, "अंगणात मोठी रांगोळी काढली, आणि कुणाचा तरी पाय मधोमध पडला. बॉर्डर छान आहे न, पण मोर गेला." नागपूरच्या डॉक्टरांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं की मधलं परत यायचं नाही. पण बाजूची नजर शाबूत आहे, ती वापरायला शिका. ज्याला बघायचंय त्याच्याकडे सरळ बघू नका, जरा शेजारी बघा, म्हणजे ते कडेने दिसेल. सवयीने जमतं, खूप लोकांना जमलंय.

आईने ते ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. "जन्मभर पोरींना नजर समोर शिकवलं, आता म्हातारपणी तिरकं पाहू? लोक म्हणतील बाई भिंतीशी बोलून राहिली." मी फोनवर कितीदा समजावलं. तेव्हा इंडियाला फोन करायला कॉलिंग कार्ड घासायचं असायचं, आणि माझी अर्धी कार्डं त्या एका भांडणात संपली.

ती आली होती सईला बघायला. दुसरं काही कारण नव्हतं, लंडन-बिंडन तिला नको होतं. आधी सईला पाहिलं होतं तेव्हा ती रांगत होती. आता ही एवढी मोठी, दात पडलेली, पटपट बोलणारी पोर समोर उभी, आणि आई तिच्या तोंडाकडे सरळ, अगदी दक्षमध्ये उभं राहिल्यासारखी बघायची, आणि तिथे काही नसायचं. बूट दिसायचे, वेणीची रिबन दिसायची, युनिफॉर्मचा कार्डिगन दिसायचा. चेहरा तेवढा नाही. हिथ्रोवर पहिल्या दिवशीच तिने सईच्या गालांवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "नाक तुझ्यावर गेलं का गं हिचं?" मला तिथे ट्रॉली ढकलणं मुश्किल झालं. जून गेला, जुलै गेला. आई रोज सईला समोर बसवून घ्यायची, हनुवटी धरून बघायची, आणि मग "जा खेळ" म्हणायची.

ऑगस्टच्या शेवटी सईने हट्ट धरला की आजीला ईगल दाखवायचाच. आमच्याकडून तासाभराच्या रस्त्यावर शिकारी पक्ष्यांचं एक छोटं केंद्र होतं, तिथे तिच्या शाळेची ट्रिप गेली होती. घुबडं, ससाणे, घारी, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे एक बॉल्ड ईगल. अमेरिकेचा तो पांढऱ्या डोक्याचा गरुड. दुपारच्या शोमध्ये तो लोकांच्या डोक्यांवरून उडतो म्हणे. मकरंदने गाडीत आईला समजावलं, "आई, बॉल्ड ईगल म्हणजे टकला गरुड." आई म्हणाली, "टकल्याला पाहायला एवढं पेट्रोल जाळायचं? तुमच्या ऑफिसात कमी आहेत का?" मकरंदने नकळत स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला.

पोचलो तर गरुड शोमध्ये नव्हता. लॉनवर गर्दी होती, एक घुबड आळसावल्यासारखं या खांबावरून त्या खांबावर जात होतं, आणि कडेला लाकडी फळ्यांचा उंच आडोसा होता. त्याच्यामागून चिवचिव येत होती. बारीक, घाईची, लहान पोरांच्या पिपाणीसारखी. आईचे कान तिखट. ती तिकडे वळली. "कुणाचं पिल्लू ओरडून राहिलं?"

तिथेच आम्हाला जेनिस भेटली. पन्नाशीची, आडव्या बांध्याची, कोपरापर्यंत चामड्याचा हातमोजा घातलेली. ती त्या गरुडाचं सगळं बघायची, खाणंपिणं, वजन, औषधं. बोलायची सगळ्यांशी एकाच आवाजात, पक्ष्यांशी असो की माणसांशी. ती म्हणाली, पिल्लू नाही, लव्ह, तीच आहे. डचेस. एवढ्या मोठ्या देहाला देवाने आवाज तेवढाच दिलाय. सिनेमात जो घसा फोडून किंचाळणारा गरुड ऐकता ना, तो आवाज भलत्याच पक्ष्याचा असतो.

ती मादी होती हे आम्हाला तेव्हा कळलं. काही आठवड्यांपूर्वी भर शोमध्ये वाऱ्याचा झोत आला आणि ती कुंपणाच्या खांबावर आदळली, लोक टाळ्या वाजवत असतानाच. डाव्या पंखाचं हाड मोडलं. व्हेटने ऑपरेशन करून आत पिन घातली होती. आता आडोशामागे, अंधुक उजेडात, कुणाच्या नजरेस न पडता तिला ठेवलं होतं.

सईने हे सगळं आजीला मराठीत सांगितलं. "आजी, ती गरुड शोमध्ये पडला. तिचा विंग तुटली. खूप लोक बघत होते."

आईने पर्स काखेत घट्ट धरली. "दृष्ट लागली. एवढी माणसं रोज टक लावून बघतात. विचार तिला, तीट लावत होते का?"

मी कानाडोळा केला. पण सईला भाषांतराची भारी हौस. तिने इंग्रजीत सांगितलं की माझी आजी म्हणते, लोकांनी तिच्याकडे फार बघितलं म्हणून असं झालं, तुम्ही तिच्या गालावर काळा ठिपका लावायला हवा होता. मला वाटलं आता जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

जेनिस हसली नाही. तिने हातमोजा काढला, आईकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, ठिपक्याचं मला माहीत नाही, पण बघण्याबद्दल तुझी आजी अगदी बरोबर आहे. जंगलात तुमच्याकडे टक लावून कोण बघतं? ज्याला तुम्हाला खायचंय तो. धडधाकट होती तेव्हा हिला त्याचं काही नव्हतं, अंड्यातून बाहेर आली ती माणसांतच. पण पंख मोडला की समोरची प्रत्येक सरळ नजर हल्ला वाटते. म्हणून हा आडोसा. आणि आता आडोशामागे ठेवलं तर एकटीला करमत नाही, दिवसभर अशी हाका मारत बसते.

आईला मी हे सांगितलं. ती आडोशाकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली आणि हात जोडून पुटपुटली, "विष्णूचं वाहन, आणि पडद्याआड बसून राहिलं." फळ्यांमागून परत चिवचिव आली. परत येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "दृष्टीआड सृष्टी म्हणतात ते काही खरं नाही. आडोशामागचंच जास्त आठवतं."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना घरून फोन आला, सईचा. मागे असा काही कर्कश आवाज की तिचं बोलणं कळेना. झालं होतं असं. फ्रिजवर सईने काढलेलं डचेसचं चित्र होतं. आईने मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या मुठीत घेतल्या, चित्रावरून ओवाळल्या, आल्यागेल्याची, शोला आलेल्याची, टाळ्या वाजवलेल्याची, सगळ्यांची दृष्ट काढली, आणि विस्तव कुठे नाही म्हणून माझ्या नॉनस्टिक तव्यात टाकून गॅस फुल केला. स्मोक अलार्म बोंबलायला लागला. मग वरचा बोंबलला. शेजारची बाई धावत आली ती दारातच खोकत बसली, समोरचे आजोबा गाउनमध्ये रस्त्यावर. मी घरी पोचले तेव्हा सगळी खिडक्यादारं उघडी, आई शांतपणे तवा घासत होती.

"आई, हे काय करून ठेवलंस?"

"दृष्ट नव्हती," ती म्हणाली. "दृष्ट असली की मिरचीचा ठसका लागत नाही. इथे तर सगळा मोहल्ला खोकला. म्हणजे नुसतं हाडच मोडलंय. हाड काय, जुळेल."

मी तवा फेकून दिला.

सप्टेंबर लागला. सई शाळेत जायला लागली, आई तिला घेऊन यायला रेडवेने चालत जायची. पाय ओळखायचे रस्ता, कडेची झुडपं दिसायची, तेवढं पुरायचं. शाळेच्या गेटपाशी मात्र एकाच कार्डिगनमधली पोरं भसकन बाहेर पडायची आणि आई प्रत्येकीकडे सरळ बघत उभी राहायची. सई येऊन हात धरेपर्यंत तिला कळायचं नाही आपली कोणती ते. एकदा तिने दुसऱ्याच पोरीच्या वेणीला हात लावला. त्या पोरीची आई काही म्हणाली नाही, हसली फक्त. पण त्या दिवसापासून माझी आई गेटपासून लांब, झाडाखाली उभी राहायला लागली. घरी आल्यावर मला म्हणाली, "तूच आण बाप्पा तिला. मी घरी पोळ्या करते." तिचा आवाज असा खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. व्हिसा ऑक्टोबरच्या शेवटी संपत होता, आणि ज्या चेहऱ्यासाठी ती सात समुद्र ओलांडून आली होती तो न बघताच ती परत जाणार होती. हे आम्हाला तिघांनाही कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मी डॉक्टरांचा विषय काढला की ती पोळी जोरात लाटायची.

मग एका रविवारी सई मैत्रिणीकडून ऐकून आली आणि म्हणाली, डचेसला आता पडद्यातून बाहेर काढलीय, जायचं का? मला कंटाळा आला होता. आईच उठली. "चला. हाड जुळलं का ते तरी पाहू."

थंडी पडली होती. लॉनवर दव होतं, लोक थोडे होते. आडोसा अर्धा काढला होता आणि समोर एक लांब बाक ठेवला होता. जेनिसची पद्धत अशी होती की थोड्याथोड्या लोकांना बाकावर बसवायचं, गप्प, आणि डचेसला हळूहळू माणसांची पुन्हा सवय करायची. आम्हाला बघून ती म्हणाली, आली का ठिपकेवाली आजी. मग तिने नियम सांगितला. मोठ्याने बोलायचं नाही. एकदम उठायचं नाही. आणि डचेसकडे सरळ बघायचं नाही, कुणीही नाही. तिच्या डाव्या हाताला मागे ते पिवळं झाड आहे ना, बर्च, त्याच्याकडे बघायचं. ती कडेने दिसेल तेवढी पुष्कळ झाली.

"आजी, पिवळ्या झाडाकडे बघ," सई कुजबुजली. "ईगलकडे नाही."

मीही झाडाकडे बघत बसले. सरळ बघायची बंदी असली की माणसाची सगळी जान डोळ्यांच्या कोपऱ्यात येते. कोपऱ्यात काहीतरी प्रचंड होतं. मांडी घालून बसलेल्या सईएवढं तरी होतं. अंग चहाच्या चोथ्याच्या रंगाचं, त्यावर एकदम धुतलेलं पांढरं डोकं, पिवळे पाय इतके जाड की मला माझी मनगटं आठवली. डावा पंख जरासा लोंबत होता. पायाला चामड्याची दोरी, बसायला वाकवलेली लोखंडी पट्टी, खाली गवत, बाजूला पाण्याचं घमेलं. आणि या सगळ्या साध्या सामानात ते बसलेलं होतं. मी देवाधर्माची बाई नाही, ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, कुठल्याही गोष्टीत आधी खोट बघते. तिथे मला खोट दिसेना. पंख मोडका होता, तरी दिसेना.

तेवढ्यात आईने माझ्या मांडीवर हात ठेवला.

"झाड गेलं," ती म्हणाली.

"काय?"

"झाडाकडे पाहून राहिली ना मी. झाड गेलं. आणि ती आली." आई हलत नव्हती. मान ताठ, नजर झाडावर, दक्षमध्ये बसल्यासारखी. "पांढरं डोकं आहे. हो ना? टकली कुठे आहे, मकरंद उगाच सांगतो. चोच पिवळी. छाती केवढी गं. धूसर आहे, पण अख्खी आहे."

मी तिच्याकडे वळून बघायला घेतलं आणि जेनिसने मला डोळ्यांनी दटावलं, की हलू नकोस.

वारा आला. बर्चची पानं गळाली थोडी. डचेसने अंगावरची सगळी पिसं एकदम फुलवली, ती होती त्याच्या दीडपट झाली, आणि गदगदा हलवून परत बसवली. आवाज असा आला की जड पडदा कुणी झटकला. जेनिस अगदी हळू म्हणाली, बघितलंत? अंग झटकलं तिने. मनात भीती असली की पक्षी असं करत नाही. माणसांसमोर पहिल्यांदाच केलंय, पडल्यापासून. तिचे डोळे भरले होते, आणि ते पुसायला तिने तो चामड्याचा मोजा वर नेला, मग लक्षात येऊन खाली घेतला.

मग डचेसने पंख उघडले. उजवा पुरता उघडला, बाकाच्या लांबीचा वाटला मला, आणि डावा अर्ध्यात थांबला. तशीच उभी राहिली वाऱ्यावर. उडाली नाही, उडणार नव्हतीच. पण वारा तिच्याखालून जात होता हे दिसत होतं. सईने माझा हात इतका आवळला की अंगठी रुतली. बाकावरचं कुणी खोकलंसुद्धा नाही.

पंख मिटल्यावर तिने मान वळवली आणि आमच्याकडे पाठ केल्यासारखी एका बाजूला बघायला लागली. आईला ते दिसलं. कडेच्या नजरेला हालचाल चांगली कळते. ती म्हणाली, "तोंड फिरवलं तिने. कंटाळली का आम्हाला?"

सईने विचारलं. जेनिस म्हणाली, छे, आता कुठे ती बघतेय. लांबचं काही नीट बघायचं असलं की ती मान वळवून एका डोळ्याने बघते, सगळ्यात तीक्ष्ण नजर तिची तिथेच असते. तुझ्या आजीकडे बघतेय ती. मनापासून बघते तेव्हा ती अशीच बघते.

मी आईला ते शब्दाला शब्द सांगितलं. दोघी एकमेकींपासून तोंड फिरवून बसल्या होत्या, एकीची नजर झाडावर, दुसरीची कुठल्या कुठे, आणि दोघी एकमेकींना बघत होत्या.

"एवढी मोठी ती," आई शेवटी म्हणाली, "आणि तिरकी बघते."

त्यानंतर ती स्वतःशीच हसली, अगदी खुदकन. माझ्या आईचं तसं हसू मला माहीतच नव्हतं.

बाहेर कॅफेत आम्ही चहा आणि स्कोन नावाचे ते गोडसर पाव घेतले. सई समोर बसून डचेसचं वर्णन करत होती, जसं काही आम्ही तिथे नव्हतोच. ती पंख उघडली, तो वारा आली, वगैरे. आई तिच्याकडे बघत होती, सवयीप्रमाणे सरळ. मग मी पाहिलं, तिची नजर हळूच सरकली. सईच्या कानाशेजारून मागे, भिंतीवर टांगलेल्या फळ्याकडे, ज्यावर सूप ऑफ द डे लिहिलं होतं. आई त्या सुपाकडे बघत राहिली. सई बोलत होती. चहा गार झाला.

"तू बोलताना एक भुवई वर नेतेस," आई म्हणाली. "डावी. तुझा आजोबा वाद घालताना अगदी अस्साच करायचा."

सईने भुवईला हात लावला. "तुला दिसलं?"

"दात पण दिसला. पडलेला."

"कुठे बघून? तू तर सूपकडे बघतेस."

"हो," आई म्हणाली. "सूपकडेच बघतेय मी." आणि ती रडायला लागली, सुपाकडेच बघत. मीही रडले. कॅफेवाल्या पोराला वाटलं स्कोन खराब निघाले, तो दुसरे घेऊन आला.

शेवटचे ते आठवडे आईने सईला नुसतं बघून घेतलं. नळाकडे बघत, टीव्हीच्या कोपऱ्याकडे बघत, फ्रिजवरच्या चित्राकडे बघत. शाळेच्या गेटवर ती परत जायला लागली, बोर्डाकडे तोंड करून उभी राहायची आणि भसकन आलेल्या पोरांतून आपली पोर बरोब्बर हाताला धरायची. चालण्यावरून ओळखते म्हणाली, आणि भुवईवरून. एका इंग्लिश बाईने मला काळजीने विचारलं, तुमच्या मदर ठीक आहेत ना, त्या आमच्याशी बोलताना नेहमी पार्किंगकडे बघतात. मी म्हटलं, त्या तुमच्याकडेच बघत असतात, तुम्ही निश्चिंत राहा. आणि हे कळल्यावर नजर समोरवाली माझी आई म्हणाली, "लोकांचं काय घेऊन बसली? गरुडाला कुणी विचारायला जातं का?"

आता सई ग्लासगोला शिकते. परवा फोनवर म्हणाली, तिकडे झाडं आमच्या आधीच पिवळी झालीत. तिला एक सवय लागली ती सुटली नाही. कुणी काही जिवाभावाचं सांगायला लागलं की ती त्याच्या कानामागे कुठेतरी बघते. शाळेत तिच्या टीचर्स तक्रार करायच्या, शी डझंट मेक आय कॉन्टॅक्ट. मी पेरेंट्स इव्हिनिंगला जाऊन दरवर्षी तेच सांगायचे, लक्ष असतं हो तिचं. डचेस त्यानंतर कधी उडाली नाही. पण बाकावर माणसं येत राहिली, जेनिस सगळ्यांना पिवळ्या झाडाकडे बघायला लावायची, आणि झाडाची पानं संपल्यावर त्या फांद्यांकडे. पिपाणीसारखी हाक मारायची डचेस, लोक हसायचे, आणि मग तिने मान वर केली की हसायचे थांबायचे.

पण मला सांगायचंय ते हिथ्रोचं. ऑक्टोबर संपत आला होता. आईसाठी व्हीलचेअरची मदत मागितली होती, एक उमदा पंजाबी मुलगा तिला ढकलत होता. सिक्युरिटीच्या तोंडाशी आम्ही थांबलो. पुढे आम्हाला जाता येत नव्हतं. आईने सईचा मुका घेतला, माझा घेतला, मकरंदला म्हणाली डोक्याला तेल लाव. मग तो मुलगा तिला घेऊन पुढे निघाला, आणि वळणापाशी आईने त्याला थांबवलं. खुर्ची फिरवायला लावली.

तिने चेहरा आमच्याकडे केला नाही. आमच्या बाजूला, बऱ्याच अंतरावर, गेटचे नंबर लिहिलेला तो पिवळा बोर्ड आहे, त्याच्याकडे केला. पाठ ताठ, हात मांडीवर, अगदी दक्ष. मकरंद हात हलवत होता. त्या मुलाला वाईट वाटलं असावं. तो वाकून तिला म्हणाला, आंटीजी, आपके बच्चे उधर हैं, आणि हलक्या हाताने खुर्ची आमच्याकडे वळवायला लागला. आईने चाकावर हात ठेवून ती थांबवली. तिने त्याला काहीतरी सांगितलं, आम्हाला ऐकू आलं नाही. तो दोन पावलं मागे सरून उभा राहिला.

लोक आमच्या आणि तिच्या मधून जात होते, बॅगा ओढत. आई बोर्डाकडे बघत राहिली. सई रडत होती, नाक वाहत होतं, बाहीने पुसत होती.

मी तिला म्हटलं, "तोंड पूस आणि सरळ उभी राहा. आजी बघतेय."